आहेरात आलेल्या पाटल्या

१७ मार्च २०२५, सोमवार. दुपारी मी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकत होते. हात घाट्यानं भरलेले, म्हणून फोन धाकट्या मुलानं उचलला आणि माझ्या कानाशी धरला. पलीकडून हवालदार बोलत होते. "डिसेंबरात तुमच्या मुलीच्या लग्नात तुमच्या मावशीनं तिला सोन्याच्या पाटल्या घातल्या का?" मी हो म्हटलं. "त्या तुमच्या मावशीच्या नव्हत्या. फिर्याद दाखल आहे. दोन दिवसांत पाटल्या घेऊन ठाण्यात या, नाहीतर तुमचंही नाव आरोपीत येईल."

बिबडे तसेच राहिले. त्या रात्री मी मोबाइलवर खूप शोधलं. कलमं सापडली, पण आपल्या घरी प्रेमानं आलेली वस्तू दुसऱ्याची निघाली तर रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुठं सापडलं नाही. आता सगळं पार पडलंय, तेव्हा जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आधी घरातलं सांगायला हवं. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. शिरपूरकडच्या मावशीनं मला वाढवलं, माझं लग्न लावलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेर म्हणून मी तिच्याकडेच जाते. तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं लग्न २०२२ मध्ये झालं. भावजय पारोळ्याकडची. दोघांचं पटलं नाही आणि २०२४ च्या दिवाळीआधी ती माहेरी निघून गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आमच्यापर्यंत एवढंच आलं होतं, की "रुसून गेलीय, येईल."

४ डिसेंबरला आमच्या अमळनेरला लेकीचं लग्न झालं. हळदीच्या रात्री मावशीनं लेकीला आत बोलावून तिच्या हातात पाटल्यांची जोडी चढवली. चार तोळ्यांची. मी म्हटलं, "मावशी, एवढं कशाला? कुणाच्या या?" ती म्हणाली, "घरनंच सोनं शे. घरनी पोरले नही दिऊ ते कोनले दिऊ?" पुढं मी विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं.

लग्नाचे फोटो सगळ्यांनी व्हॉट्सॲपला लावले. त्यातल्या एका फोटोत लेकीचा हात मोठा दिसत होता, मेंदीचा फोटो म्हणून. भावजयीनं तो कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिला आणि आपल्या पाटल्या ओळखल्या. एका पाटलीवर कोयरीच्या नक्षीशेजारी छोटा पोचा होता, मिक्सरच्या भांड्यावर हात आपटून पडलेला. तिच्या फिर्यादीत तो पोचा लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी एका वकीलताईंकडे गेले. कोर्टाच्या बाहेर बाकावर बसूनच आमचं बोलणं झालं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घेतल्या तेव्हा माहीत होतं का, की या सुनेच्या आहेत?"

"नाही."

"आणि आज?"

मी काही बोलले नाही.

"आज माहीत आहे. इथून पुढं तुम्ही त्या ठेवल्यात तर तो तुमचा निर्णय."

हे वाक्य मला पहिल्या फटक्यात समजलं नाही. माझ्या मनात एकच घोळत होतं, की मी चोरी केलेली नाही, मग मला कशाची भीती? त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. त्यात चोरीची मालमत्ता म्हणजे कुलूप तोडून नेलेलीच, असं नाही. विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू कुणी परस्पर आपली म्हणून वापरली किंवा दुसऱ्याला दिली, तर तीही त्यात येते. आणि अशी वस्तू अप्रामाणिकपणे 'स्वीकारणं' जसं गुन्हा, तसं 'ठेवून घेणं'ही गुन्हा. ती चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मावशीवरचं कलम ३१६, विश्वासघाताचं, त्यात पाच वर्षांपर्यंत. पूर्वी हीच कलमं भारतीय दंड संहितेत ४०६ आणि ४११ होती. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले.

"पण सुनेचं सोनं सासूनं ठेवलं तर त्यात विश्वासघात कसला? सगळ्याच घरात सासू कपाटात ठेवते," मी म्हटलं. हे मी मनापासून विचारलं होतं. माझंही सोनं लग्नानंतर सहा वर्षं सासूबाईंच्या कपाटात होतं.

त्या म्हणाल्या, कपाटात ठेवायला हरकत नाही, मालकी सुनेचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय, की स्त्रीधन हे बाईचं एकटीचं. सासरच्यांकडे असलं तर ते फक्त विश्वस्त. तिनं मागितलं की द्यायचं. मावशीला ते स्वतः वापरायचाही अधिकार नव्हता, मग तुमच्या लेकीला देण्याचा कुठून येणार? जे देणाऱ्याचंच नाही, ते घेणाऱ्याचं होत नाही. मी पैसे मोजून विकत घेतल्या असत्या तरी हेच. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात विकणाऱ्यापेक्षा चांगली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही असंच आहे. पैसे परत मागायचे ते विकणाऱ्याकडे.

मग त्यांनी मला अवघड प्रश्न विचारला. भावजय घर सोडून गेल्याचं माहीत होतं, मावशीची परिस्थिती माहीत होती, पाटल्या नव्या घडणीच्या दिसत होत्या. मग शंका आली नाही का? मी खरं सांगितलं. क्षणभर आली होती, म्हणून तर विचारलं होतं. उत्तर मिळालं आणि मी ते मानलं, कारण ती माझी मावशी होती. त्या म्हणाल्या, जबाबात हेच आणि एवढंच सांगा. जास्त नको, कमीही नको.

त्या आठवड्यात घरात जे सल्ले मिळाले, तेही लिहिते, कारण कुणाच्याही घरी हेच मिळतील. व्याही म्हणाले, मोडून टाका, त्याच सोन्याच्या बांगड्या करून घ्या, कोण ओळखणार? आमच्या ह्यांना वाटलं, गुपचूप मावशीला परत देऊन टाकू, तिचं ती बघेल. माझ्या नणंदेचं म्हणणं, थेट भावजयीच्या बापाच्या हातात देऊन पाया पडून या, पोलीस कशाला मध्ये? तिघांचाही हेतू चांगला होता आणि तिन्ही मार्ग आम्हाला खड्ड्यात घालणारे होते. मोडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, त्याला वेगळं कलम. मावशीला परत देणं म्हणजे फिर्याद झाल्यावर माल हलवायला मदत, तीही कलम ३१७ मध्येच आहे. आणि भावजयीच्या वडिलांना हातोहात दिल्या असत्या, तर दिल्याचा कागद कुठला? उद्या वजन कमी भरलं, एकच पाटली मिळाली असं कुणी म्हटलं, तर आमच्याकडे काय होतं?

तोळ्याचा भाव तेव्हा नव्वद हजारांच्या घरात होता. चार तोळे म्हणजे साडेतीन लाखांच्या पुढंच. आमच्या कापसाला त्या वर्षी जे मिळालं त्यापेक्षा जास्त. जानेवारीत ठिबकसाठी त्याच पाटल्या तारण ठेवून कर्ज काढायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं. जावयांनी पैशांची दुसरी सोय केली म्हणून राहिलं. तारण ठेवल्या असत्या तर या गुंत्यात बँकही आली असती.

१९ मार्चला वकीलताईंनी ठाणेदारांच्या नावे पत्र तयार केलं. दीड पान. पाटल्या कधी, कुणाकडून, कोणत्या प्रसंगी मिळाल्या. आज त्या भुसावळला मुलीकडे आहेत. आमचा त्यांच्यावर हक्काचा दावा नाही. अमुक तारखेला पंचांसमक्ष हजर करायला तयार आहोत. सोबत फोटो. स्पीडपोस्टानं पाठवलं आणि ईमेलनंही. पोच घरी आली तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली. एवढंच सांगेन, की वस्तू हलवण्याआधी ती कुठं आहे हे लेखी कळवा.

पत्रासोबत वकीलताईंनी दोन गोष्टी शोधायला लावल्या. एक, लग्नाचा व्हिडिओ. दुसरी, आहेराची वही. माझ्या भाच्यानं मांडवात बसून लिहिलेली साधी दोनशे पानी वही. बाराव्या पानावर, भांड्यांच्या सेटच्या आणि ५०१ रुपयांच्या मध्ये, त्याच्या तिरप्या अक्षरात: "शिरपूर मावशी, सोन्याच्या पाटल्या, १ जोड." चोरीचा माल एखाद्याकडे सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर तो चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आमचं सांगणं त्या एका ओळीवर उभं होतं. आहेराच्या वह्या आपण वर्षभरात रद्दीत घालतो. घालू नका.

ठाण्यात जायचं का, हाही प्रश्न होता. फोनवर हवालदारांनी "या" म्हटलं होतं. पण साक्षीदार म्हणून बाईला राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७९ मध्ये तसं आहे. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं. वकीलताईंनी पत्रात नम्रपणे लिहिलं, की जबाब आणि पंचनामा घरी व्हावा. दोन दिवसांनी ठाण्यातून फोन आला. आवाज यावेळी पुष्कळ मऊ होता. मंगळवारी २५ तारखेला येतो म्हणाले.

रविवारी २३ ला मी सकाळच्या गाडीनं भुसावळला गेले. लेकीनं पाटल्या आधीच काढून ठेवल्या होत्या. जवळजवळ चार महिने हातात होत्या, मनगटावर फिकट पट्टा उठला होता. ती मला एकच म्हणाली, "आई, मी त्यांना मामी म्हणते गं. माझ्या साखरपुड्यात त्यांनीच माझी वेणी घातली होती." त्या वेळी भावजयीच्या हातात याच पाटल्या असतील, असं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. परतीच्या गाडीत लेक आणि जावई माझ्याबरोबर होते. पाटल्या स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर. जळगाव, धरणगाव गेलं, कुणी कुणाशी बोललं नाही.

पंचनामा सकाळी अकराला सुरू झाला आणि दीड वाजला. एक उपनिरीक्षक, एक महिला शिपाई, दोन पंच, आणि वजनासाठी बोलावलेले एक सराफ. जप्तीचं चित्रण आता मोबाइलवर करावं लागतं, तेही चालू होतं. सराफानं भिंग लावून पाटलीच्या आतल्या बाजूचा हॉलमार्क वाचला: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, २२के९१६, आणि शेवटी सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. प्रत्येक दागिन्याचा हा क्रमांक वेगळा असतो. दुसऱ्या पाटलीचा दुसरा. उपनिरीक्षकांनी भावजयीच्या वडिलांचं जळगावच्या पेढीतलं २०२२ चं बिल काढलं. दोन्ही क्रमांक त्यावर होते. अक्षर न अक्षर जुळलं. बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिलं, तिथंही तेच. ज्यांना दागिना विकत घ्यायचाय किंवा असा कुणाकडून मिळालाय, त्यांनी ॲपमध्ये हा क्रमांक टाकून बघावा. मालकाचं नाव त्यात येत नाही, पण तो बिलाशी ताडता येतो.

मग वजन. बिलात ४०.१६० ग्रॅम. काट्यावर ४०.१२०. माझ्या पोटात गोळा आला. चाळीस मिलीग्रॅम आम्ही काढले असं कुणी म्हणालं तर? सराफ म्हणाले, तीन वर्षं वापरातल्या पाटल्या एवढ्या झिजतातच. नक्षीत अडकलेला साबण काढला तर अजून दोन-चार मिलीग्रॅम जातील. त्यांनी टाचणीनं कोयरीच्या खाचेतला पांढरा कण दाखवला. वकीलताईंनी सांगितलं होतं म्हणून आम्ही पाटल्या धुतल्या-उजळल्या नव्हत्या. ते बरं झालं.

जबाबावर सही करायला मी पेन उचललं, तर उपनिरीक्षकच म्हणाले, यावर सही घेत नाहीत. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही. पंचनाम्यावर मात्र पंचांची आणि आमची झाली. जबाब मी दोनदा वाचून घेतला. एका ठिकाणी "मला संशय होता" असं लिहिलं गेलं होतं. मी "मी विचारलं, मावशीनं घरचं सोनं सांगितलं" असं बदलून मागितलं. त्यांनी बदललं. घाई करू नका, वाचल्याशिवाय उठू नका. पंचनाम्याची प्रत तिथंच मागून घेतली. पाटल्या पाकिटात गेल्या, लाखेचं सील लागलं. ते गेल्यावर लेक आत जाऊन रडली. पाटल्यांसाठी नाही, मावशीसाठी.

मावशीला अटक झाली नाही. या कलमांना सात वर्षांच्या आतली शिक्षा, म्हणून आधी नोटीस येते. तिनं अटकपूर्व जामीनही घेतला. पण तिनं माझा फोन घेणं बंद केलं.

३० एप्रिलला आखाजी होती. इतकी वर्षं मी कधी चुकवली नव्हती. सांजोऱ्या करून घेऊन गेले. मावशीनं दार उघडलं, डबा घेतला, पाणी दिलं. एक शब्द बोलली नाही. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता आणि शेजारच्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. मी तासभर ओट्यावर बसले आणि शेवटच्या एसटीनं परत आले. हे सगळं करताना मी बरोबर वागले की नाही, याचा विचार मी त्या एसटीत सगळ्यात जास्त केला. भावजयीचं सोनं होतं, ते तिलाच जायला हवं होतं, यात मला आजही शंका नाही. पण मला वाढवणारी बाई माझ्या कागदांमुळे कोर्टात उभी राहणार होती.

दरम्यान सोनं एप्रिलमध्ये लाखाला टेकलं होतं. ओळखीच्यांपैकी काहींनी मला तेही ऐकवलं.

भावजयीनं पाटल्या ताब्यात मिळाव्यात म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं ४५१. खटला संपेपर्यंत माल ठाण्यात पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन तो हक्काच्या माणसाला लवकर द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे. वस्तू माझ्या घरातून जप्त झाली म्हणून म्हणणं मांडायला मलाही नोटीस आली. मी ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र दिलं, साध्या कागदावर. मधे सुट्ट्या, एकदा सरकारी वकिलांचं म्हणणं आलं नाही, एकदा आमचा क्रमांकच लागला नाही. १२ जूनला आदेश झाला. अटी: पाटल्या विकायच्या, मोडायच्या, बदलायच्या नाहीत, न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करायच्या.

खर्च सांगते. वकील सहा हजार. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स, पोस्ट मिळून सातशे ऐंशी. बाकी गाडीभाडं, त्यात माझं एसटीचं तिकीट अर्धंच. मला नंतर कळलं, की बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. आधी माहीत असतं तर गेले असते.

१९ जूनला पाटल्या दिल्या जाणार होत्या. माझं काही काम नव्हतं, तरी गेले. भावजय वडिलांबरोबर आली होती, बारीक झालेली. सील तोडलं, पुन्हा वजन, रजिस्टरवर सही. ती बाहेर व्हरांड्यात आली आणि माझ्यासमोर थांबली. मला वाटलं बोलेल काही. तिनं पदराआड पाटल्या हातात चढवल्या आणि म्हणाली, "ताई, फोटोत तिच्या हातात छान दिसत होत्या." मी तिला सांगितलं, साखरपुड्यात तू तिची वेणी घातल्याची आठवण लेकीनं काढली होती. तिनं मान हलवली. वडिलांनी गाडी काढली होती.

मूळ खटला चालू आहे. मी त्यात सरकार पक्षाची साक्षीदार आहे. समन्स येईल तेव्हा जाईन आणि हळदीच्या रात्री जे ऐकलं तेच सांगेन. पंचनामा, आदेश, पत्राची पोच आणि आहेराची वही मी एका फाइलमध्ये ठेवली आहे.

१९ जूनच्या त्याच रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. तीन महिन्यांनी. मी हॅलो म्हटलं, पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "तिना हातमा बसन्यात का व पाटल्या?"

"बसल्या," मी म्हटलं. "उजवी जरा सैल होते."

"वाळी गई व्हई पोर," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला.